हिरव्या अंजनापासून निळ्या रेघेपर्यंत

काजळ आणि अंजन हे दोन शब्द मराठी घरात इतके रुळलेले आहेत की त्यांच्यात काही भेद असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तान्ह्या मुलाच्या गालावर तीट लागते ती काजळाची. नवऱ्या मुलीच्या डोळ्यांत काजळ घातले जाते. आणि एखाद्या विषयाची खरी बाजू दाखवून देणाऱ्या लेखाने वाचकांच्या ‘डोळ्यांत झणझणीत अंजन घातले’ असे आपण म्हणतो. या सर्व व्यवहारांत काळा रंग गृहीत धरलेला असतो. म्हणूनच स्नेहसंमेलनाच्या दिवशी डोळ्यांच्या कडेने निळी, हिरवी किंवा जांभळी रेघ ओढून एखादी विद्यार्थिनी शाळेत आली, की शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू होते. काळे काजळ ते आपले आणि घरंदाज, रंगीत रेघ ती परकी आणि सिनेमातली, असा निवाडा आपण फारसा विचार न करता देऊन टाकतो. हा निवाडा इतिहासाला धरून आहे काय, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथमच सांगावयास हवे की या तपासणीत आपल्या समजुतीला दोन ठिकाणी धक्का बसतो. डोळ्यांच्या ज्या अतिप्राचीन रंगांचा भरवशाचा पुरावा आज हाती आहे, त्यांत आरंभीचे मानाचे स्थान हिरव्याचे आहे. काळ्याचे राज्य नंतर आले. दुसरे असे की, डोळ्यांना होणारा अपाय रंगावर अवलंबून नसून द्रव्यावर अवलंबून असतो, आणि अपायकारक द्रव्य पुष्कळदा त्या विश्वासाच्या काळ्या डबीतच आढळते.

हा हिरवा रंग ईजिप्तचा. नाईलच्या खोऱ्यात फेअरोंचे राज्य स्थापन होण्यापूर्वी, म्हणजे इ. स. पूर्व ४००० च्याही आधी, जी दफने झाली त्यांत मृतांबरोबर दगडी सहाणी आणि मॅलॅकाइट या हिरव्या ताम्रखनिजाचे खडे ठेवलेले सापडतात. हे खडे सहाणेवर घोटून त्यांची भुकटी चरबीत किंवा पाण्यात कालवीत आणि डोळ्यांभोवती लावीत. आपल्याकडे चंदन उगाळण्याच्या सहाणेला देवघरात जे स्थान आहे, त्याहूनही मोठे स्थान तेथे या रंगाच्या सहाणेला मिळाले. ईजिप्तच्या एकीकरणाचे स्मारक म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत जिचे चित्र छापलेले असते, ती नार्मर राजाची सुमारे ६४ सेंटिमीटर उंचीची शिळा मुळात अशीच सहाण आहे. तिच्यावर कोरलेल्या दोन लांब मानेच्या पशूंच्या माना एकमेकींत गुंतून मध्ये जो वाटोळा खळगा तयार झाला आहे, तो रंग घोटण्याच्या जागेचा होय. राज्याच्या स्थापनेची गोष्ट कोरण्यासाठी त्या लोकांनी नेत्ररंगाचे उपकरण निवडले, यावरून त्या रंगाची प्रतिष्ठा कळून येते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सेपा आणि नेसा या पतिपत्नींचे चुनखडीचे पुतळे आहेत. ते इ. स. पूर्व २७०० ते २६०० या सुमाराचे आहेत. दोघांच्याही डोळ्यांखाली हिरव्या रंगाचा पट्टा स्पष्ट दिसतो. पतीच्या डोळ्यांखालचा पट्टा पत्नीच्या पट्ट्याइतकाच ठळक आहे, म्हणजे नेत्ररंग हा त्या समाजात केवळ स्त्रियांचा शृंगार नव्हता. पुढे प्राचीन राज्याच्या काळात हिरवा रंग हळूहळू मागे पडला आणि गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेल्या काळ्या अंजनाने त्याची जागा घेतली. हिरव्याला ते ‘वाजू’ आणि काळ्याला ‘मेसदेमेत’ असे म्हणत. काळ्या अंजनाला इतकी मागणी असे की त्याचा व्यापार चित्रांत नोंदविला गेला. बेनी हसन येथील खनुमहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ. स. पूर्व सुमारे १८९० मधील एका भित्तिचित्रात, सदतीस आशियाई लोकांची टोळी ईजिप्तमध्ये येताना दाखविली आहे. ते लोक नेत्रांजन घेऊन आल्याचे चित्रावरच लिहून ठेवले आहे.

या काळ्या अंजनाविषयी अलीकडे जे संशोधन झाले ते विज्ञानाच्या शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावे असे आहे. लूव्रमधील प्राचीन डब्यांत उरलेल्या भुकटीचे पृथक्करण फ्रेंच शास्त्रज्ञांनी केले आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भुकटीत गॅलेनाबरोबर शिशाची असे दोन क्लोरिनयुक्त क्षार आढळले, की जे निसर्गात तेवढ्या प्रमाणात सहज मिळत नाहीत. मीठ, पाणी आणि शिशाची भस्मे यांचे मिश्रण आठवडेच्या आठवडे निगराणीखाली ठेवून ते मुद्दाम तयार केलेले असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. चार हजार वर्षांपूर्वीची ही रसायनशाळाच म्हणावयाची. २०१० मध्ये त्यांच्यापैकी काहींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: अत्यल्प प्रमाणातले शिसे त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड अधिक निर्माण करावयास लावते, आणि त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना मिळू शकते. पुराच्या पाण्याने आणि माश्यांनी डोळ्यांचे रोग पसरत असलेल्या प्रदेशात हा गुण उपयोगी पडला असेल. तथापि यावरून शिसे डोळ्यांत घालणे हितकर आहे, असा अर्थ कोणी काढू नये. एकाच द्रव्यात औषध आणि विष एकत्र नांदू शकतात, एवढाच त्याचा अर्थ.

द्रव्याबरोबर शब्दांचाही प्रवास झाला. मेसदेमेत या शब्दापासून ग्रीक ‘स्टिम्मी’ आणि त्यापासून लॅटिन ‘स्टिबियम’ आले. अँटिमनी या मूलद्रव्याची एस्‌बी ही संज्ञा आपले विद्यार्थी आजही त्या लॅटिन शब्दावरूनच लिहितात. अरबांनी या अंजनाला ‘कुह्‌ल’ म्हटले. ‘अल-कुह्‌ल’ म्हणजे अतिसूक्ष्म भुकटी. युरोपातील किमयागारांनी हा शब्द प्रथम कोणत्याही वस्तूच्या सूक्ष्म सारासाठी आणि पुढे सोळाव्या शतकात मद्याच्या अर्कासाठी वापरला, आणि त्यातूनच ‘अल्कोहोल’ हा शब्द रूढ झाला. डोळ्यांत घालावयाच्या भुकटीचे नाव अखेर बाटलीवर चिकटले. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘सुरमा’ या शब्दाचा कोशातील अर्थ अँटिमनीचे खनिज असा असला, तरी बाजारातील सुरमा बहुधा गॅलेनाचा, म्हणजे शिशाचाच असतो. दिसावयास दोन्ही सारखेच काळे आणि चकचकीत असल्यामुळे हा घोटाळा शतकानुशतके चालत आला.

आता भारताकडे वळू. सिंधू संस्कृतीच्या नगरांत तांब्याच्या बारीक काड्या मिळाल्या असून त्या अंजनाच्या शलाका असाव्यात असे उत्खननकारांनी मानले. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तर अंजनाचे स्वतंत्र शास्त्रच आहे. डोळा तेजोमय आहे आणि त्याला कफाचे विशेष भय आहे, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. सौवीरांजन नित्य घालावे, रसांजन मात्र पाच किंवा आठ रात्रींनी डोळ्यांतील स्राव काढण्यासाठी घालावे, आणि तीक्ष्ण अंजन दिवसा कधीही घालू नये, असे त्या ठिकाणी सांगितले आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात अंजनाचे लेखन, रोपण आणि प्रसादन असे कार्यावरून तीन भेद केले, आणि गुटिका, रसक्रिया व चूर्ण असे स्वरूपावरून तीन भेद केले. शलाकाही अंजनाच्या जातीप्रमाणे सोने, रुपे, शिंग, तांबे, कांसे अशा निरनिराळ्या वस्तूंच्या असाव्यात, असा त्याचा दंडक आहे. यांपैकी रसांजन दारुहळदीपासून करतात. त्याचा रंग पिवळसर तपकिरी असतो. पुष्पांजन पांढरे असून ते जस्ताचे भस्म असावे असे मानतात. म्हणजे अंजन म्हटले की काळेच, ही समजूत आपल्याच वैद्यकाला मान्य नव्हती.

काव्यात अंजनाला आणखी वेगळे स्थान मिळाले. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहाची तयारी चालली असता प्रसाधिका काळे अंजन हाती घेतात. ते तिच्या डोळ्यांची कांती वाढावी म्हणून नव्हे, मंगल म्हणून घेतात, असे कालिदास सांगतो. रघुवंशाच्या सातव्या सर्गातला प्रसंग तर आपल्या विदर्भातला आहे. इंदुमतीच्या स्वयंवरानंतर अज राजा नगरात प्रवेश करतो, तेव्हा त्याला पाहण्यासाठी स्त्रियांची धांदल उडते. त्यांतील एकीने उजव्या डोळ्यात अंजन घातले आहे, डावा तसाच राहिला आहे, आणि ती हातात शलाका घेऊन तशीच खिडकीकडे धावली आहे. काव्यातली ही स्त्री मंगलासाठी किंवा वैद्याच्या सांगण्यावरून नटत नव्हती. ती आपल्या हौसेने नटत होती, आणि कवीने तिला बोल लावला नाही. मराठीत ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात गुरुकृपेला अंजनाची उपमा दिली. अंजनाने दृष्टी फाकते आणि भूमीत पुरलेला ठेवा दिसू लागतो, या लोकसमजुतीचा तेथे आधार आहे. वैद्याचे अंजन, मंगलाचे अंजन, हौसेचे अंजन आणि ज्ञानाचे अंजन अशी चारही रूपे येणेप्रमाणे एकाच शब्दात नांदत आली आहेत.

येथे काजळ आणि अंजन यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. घरचे काजळ हे दिव्याच्या काजळीचे असते. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे पालथे घालून रात्रभर धरलेली काजळी खरवडून तुपात खलली, की काजळ तयार होते. रसायनदृष्ट्या तो कोळसा होय. त्यात शिसे असण्याचे कारण नाही. सुरमा मात्र खनिज असून त्यात शिसे हाच मुख्य घटक असतो. रंगाने दोन्ही काळीच असल्यामुळे आजीच्या हातचे काजळ आणि बाजारातून आणलेली काळी भुकटी यांना आपण एकाच विश्वासाने जवळ केले. मेंदूची वाढ होत असलेल्या लहान मुलांना शिशाचा अपाय सर्वांत अधिक होतो, आणि त्यांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे आजचे वैद्यक मानीत नाही. डोळे चोळलेली बोटे मूल तोंडात घालते, त्या वाटेने हे शिसे पोटात जाते. घरच्या काजळाविषयीही बालरोगतज्ज्ञ सांगतात की तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत ते घालू नये, कारण घालणाऱ्या बोटाबरोबर जंतू डोळ्यांत जातात. पाळण्यातल्या मुलाच्या काळ्या डोळ्यांविषयी आपण कधी कुजबुज केली नाही. कुजबुज केली ती निळ्या रेघेविषयी.

रंगीत डोळ्यांची खरी शाळा आपल्या देशात रंगभूमीवर भरली. भरताच्या नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी वर्णिल्या आहेत, आणि आहार्य अभिनयाच्या प्रकरणात पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार मूळ रंग मानून त्यांच्या मिश्रणाने इतर रंग कसे साधावेत ते सांगितले आहे. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हा चित्रकलेच्या तासाचा पहिला धडा तेथे नटाच्या अंगरचनेसाठी दिलेला आहे. केरळच्या कथकळीत धीरोदात्त नायकाचा चेहरा हिरवा रंगवितात, डोळे काळ्या रंगाने कानाच्या दिशेने लांबवितात, आणि वांग्याच्या कुळातील चुंडा या झाडाच्या फुलातील बारीक दाणा खालच्या पापणीत ठेवून डोळ्याचा पांढरा भाग लाल करतात. हिरव्या चेहऱ्यावर लाल डोळे फिरू लागले, म्हणजे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्यांची हालचाल कळते. यामागे सौंदर्याइतकीच उपयुक्ततेची दृष्टी आहे. मिणमिणत्या उजेडात दूरवर बसलेल्या माणसापर्यंत डोळ्यांचा भाव पोचविणे हे नटाचे काम, आणि रंग हे त्याचे साधन.

दक्षिण कोकणात आणि गोमंतकात देवळाच्या जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारी नाटकांतही हीच परंपरा दिसते. तेथील नट आपला चेहरा आपणच रंगवितो. राजाची भुवई, राक्षसाच्या डोळ्यांभोवतीचे जाड वर्तुळ आणि स्त्रीपात्राच्या डोळ्यांची नाजूक कड ही सारी त्याच्या बोटांना पाठ असतात. सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. तेव्हा रंगविलेल्या चेहऱ्यांची ही विद्या मराठी रंगभूमीच्या जन्माशीच निगडित आहे. पुढे बालगंधर्वांच्या काळात पुरुष नट स्त्रीवेषात डोळे रेखून रंगमंचावर येत, आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण करीत. पुरुषाने रंगविलेला डोळा ही कला ठरली, तर त्याच रेघेने सजलेल्या मुलीला उच्छृंखल का म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही. यासंबंधी एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जुन्या रंगपटातील हिंगूळ हा पाऱ्याचा आणि हरताळ हा सोमलाचा संयुग आहे. नटाने कलेसाठी चेहऱ्यावर काय काय सोसले, याची दखल इतिहासाने फारशी घेतली नाही.

विसाव्या शतकात रंगभूमीची ही रेघ चित्रपटामुळे घराघरांत पोचली. आरंभीच्या चित्रफितीला तांबड्या रंगाची जाण नसे. तांबडे ते पडद्यावर काळे दिसे आणि निळे ते पांढुरके. त्यामुळे नटांना प्रत्यक्षात भलतेच रंग चेहऱ्यावर लावून पडद्यावरचा इष्ट परिणाम साधावा लागे. याच सुमारास ईजिप्तने पुन्हा डोके वर काढले. १९१२ मध्ये अमार्ना येथे राणी नेफरतीतीचा रंगीत अर्धपुतळा सापडला, आणि १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने तुतनखामेनचे थडगे शोधून काढले. काळ्या रेघेने बांधलेले ते डोळे पाहून पाश्चात्त्य स्त्रिया आपले डोळे रेखू लागल्या. १९६३ च्या ‘क्लिओपात्रा’ चित्रपटात एलिझाबेथ टेलरच्या पापण्यांवर निळा रंग भुवयांपर्यंत चढला आणि काळी रेघ डोळ्याबाहेर गेली. त्याच दशकात साधना, शर्मिला टागोर यांच्यासारख्या अभिनेत्रींमुळे पंखासारखी बाहेर काढलेली रेघ आपल्याकडील महाविद्यालयांत दिसू लागली. १९५२ मध्ये टाटांनी ‘लॅक्मे’ ही कंपनी काढली होती, त्यामुळे देशी प्रसाधनेही हाती येऊ लागली होती. लक्ष्मी या नावाचे फ्रेंच रूप धारण करून आलेल्या डबीतून ईजिप्तची रेघ आपल्या घरात शिरली, असे म्हणावयास हरकत नाही.

नव्या रंगांची वाटही निर्धोक नव्हती. अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगविण्याचा एक रंग विकला जाई. त्यातील डांबरापासून काढलेल्या रंगद्रव्याने कित्येक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, आणि १९३३ मधील एका स्त्रीच्या अंधत्वाचे प्रकरण देशभर गाजले. त्या वेळी प्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदाच तेथे नव्हता. तो १९३८ मध्ये झाला, आणि त्याखालील पहिल्या जप्त्यांत हा रंग होता. आपल्याकडे १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. रंगासाठी शिशाची किंवा सोमलाची संयुगे प्रसाधनांत वापरण्यास आपल्या नियमांनी बंदी आहे. आजच्या चांगल्या रंगीत पेन्सिलींत लोहाची भस्मे, अल्ट्रामरीन हे निळे द्रव्य आणि क्रोमियमचे हिरवे भस्म असे परीक्षा झालेले रंग असतात. परंतु जत्रेतल्या किंवा फुटपाथवरच्या बिननावाच्या डबीला कोणतीच परीक्षा लागू पडत नाही, मग ती डबी निळी असो की काळी.

या साऱ्या इतिहासातून आपण शिक्षकांनी काय घ्यावे? मुलीने रंगीत रेघ ओढली म्हणून तिला नळावर तोंड धुवावयास पाठविणे सोपे आहे, पण त्यातून ती शिकते एवढेच की रंग ही लाजेची गोष्ट आहे. त्याऐवजी तिला विचारावे की हा रंग कोणत्या डबीतला आहे, त्या डबीवर घटकांची नावे छापली आहेत काय, आणि एकच पेन्सिल नाटकातल्या दहा जणींच्या डोळ्यांवर तर फिरत नाही ना. डोळे आलेल्या एका मुलीची पेन्सिल साऱ्या वर्गाचे डोळे आणू शकते, ही गोष्ट संमेलनाच्या आधी सांगितली तर ती उपयोगी पडेल. रसायनाच्या तासाला गॅलेनाचा तुकडा दाखविताना सुरम्याची गोष्ट सांगता येईल, इतिहासाच्या तासाला नार्मरच्या सहाणेची, आणि संस्कृतच्या तासाला एका डोळ्यात अंजन घालून खिडकीकडे धावलेल्या त्या विदर्भातील स्त्रीची. हे ऐकलेली मुलगी घरी जाऊन आपल्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत घातली जाणारी काळी भुकटी कशाची आहे, हे आईला विचारील. तिच्या त्या एका प्रश्नाने एखाद्या घरातील मूल शिशापासून वाचले, तर त्या दिवसापुरते आपले अध्यापन सार्थकी लागले असे समजावे.